वऱ्हाडातून आलेले खाँसाहेब

चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाडा-अचलपूर मागे टाकले आणि दक्षिणेची वाट धरली, की दर्यापूरनंतर मूर्तिजापूर लागते. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील, अकोला जिल्ह्यातील हे गाव. २ मे १९२० रोजी येथे वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. रसिक त्यांना गवई म्हणून ओळखतात आणि ते योग्यच आहे. परंतु मराठी रंगभूमीला एक अविस्मरणीय भूमिका देणारा नटही या गवयात दडलेला होता. त्याला प्रकट होण्यासाठी मात्र वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागली.

वसंतरावांचे बालपण नागपुरात गेले. आईने एकटीने, हलाखीत त्यांना वाढविले. शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांच्या गाण्याचा पाया घातला गेला. या मुलाचे गुण भालजी पेंढारकरांनी हेरले आणि १९३५ च्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात त्यांना कृष्णाची भूमिका दिली. असे पदार्पण झालेला मुलगा पुढे चित्रसृष्टीतच स्थिरावला असता, तर कोणाला नवल वाटले नसते. वसंतरावांना मात्र गाण्याची ओढ अनावर होती. लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा निरनिराळ्या परंपरांतील गुरूंकडून त्यांनी विद्या घेतली. मास्टर दीनानाथांच्या गायकीचा ठसा तर मनावर कायमचाच उमटला होता.

विद्या होती, पण संसारही होता. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी जवळजवळ दोन तपे नोकरी केली. दिवसा कचेरी आणि रात्री मैफल, असा तो क्रम होता. त्यातच सुदूर ईशान्येकडील सीमाभागात बदली झाली, तेव्हा गाण्याच्या दुनियेपासून दूर राहणेही नशिबी आले. शिवाय एका घराण्याची चौकट त्यांनी मानली नव्हती. घराण्याच्या नावावर गवयाची प्रतिष्ठा ठरण्याच्या त्या काळात हे स्वातंत्र्य महागात पडणारे होते. अखेर १९६५ मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या जिवलग मित्रांच्या आग्रहामुळे, त्यांनी नोकरी सोडली.

दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे आणि निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ची. दोन गायकांचे आणि दोन गायकींचे हे वैर. त्यातील खाँसाहेब आफताब हुसेन हा आपल्या घराण्याची विद्या परक्याच्या हाती लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा उस्ताद. ही भूमिका वसंतरावांकडे आली. ज्याने स्वतः अनेक दारांत विद्या मागितली, त्याने विद्येचे दार बंद करणारा माणूस उभा करायचा होता.

वसंतरावांनी त्याला खलनायक होऊ दिले नाही. खाँसाहेबांचा अहंकार, मत्सर आणि सच्च्या सुरापुढे शेवटी विरघळणारे त्यांचे मन, हे सारे त्यांच्या तानांतूनच प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. गद्य संपून पद सुरू झाले की नट बाजूला होतो आणि गवई उभा राहतो, ही संगीत नाटकाची जुनी तक्रार. येथे तिला जागाच उरली नाही. संगीत रंगभूमीला ओहोटी लागलेली असताना या नाटकाने प्रेक्षक पुन्हा नाट्यगृहाकडे वळविले.

रुपेरी पडद्याशीही त्यांचे नाते तुटले नाही. राजदत्त दिग्दर्शित ‘अष्टविनायक’ (१९७९) मध्ये मुलीला सासरी धाडणाऱ्या पित्याचे त्यांचे गाणे आजही लग्नमंडपांत डोळे ओलावते. ३० जुलै १९८३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे त्रेसष्ट वर्षांचे होते.

‘अष्टविनायक’चा नायक सचिन पिळगावकर यांनी २०१५ च्या ‘कट्यार’ चित्रपटात खाँसाहेब रंगविला आणि त्याला आवाज दिला तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. नागपूरच्या सभागृहाला वसंतरावांचे नाव आहे. पण घराण्याची भिंत न मानणाऱ्या या गवयाचे खरे स्मारक म्हणजे तो घराणेदार, हट्टी आणि शेवटी सुरापुढे झुकणारा खाँसाहेबच होय.