अलिखित राबणुकीपासून दारावरच्या फलकापर्यंत : मजूरमंत्री बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्याकडे चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान आणि दीक्षाभूमी अशा टप्प्यांनी सांगितले जाते. या टप्प्यांच्या मध्ये जुलै १९४२ ते १९४६ च्या मध्यापर्यंतची चार वर्षे येतात. या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य, म्हणजे आजच्या भाषेत केंद्रीय मजूरमंत्री होते. जयंतीच्या भाषणात हा कालखंड बहुधा एका वाक्यात आटोपतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याकडे मुद्दाम वळत आहोत. सेनगाव परिसरातील ज्या घरांतून मुले वसतिगृहात राहून शिकली, त्यांतील कित्येक घरे शेतमजुरीवर, ऊसतोडीवर आणि वीटभट्टीवर उभी होती. त्याच मुलांपैकी काही जण आज दुकानदार, ठेकेदार, वाहनमालक किंवा संस्थाचालक आहेत. मजुराचा मुलगा मालक झाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मालक या नात्याने कायद्याशी कसे वागावे, हा धडाही त्याला बाबासाहेबांकडूनच घ्यावा लागेल.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे तारुण्य मुंबईच्या परळ भागातील चाळींत गेले. गिरणीच्या भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर परतणारी माणसे हा त्यांचा शेजार होता. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तेथे कचेरीतील शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून टाकत, आणि राहावयास घरही मिळेना. नोकर विद्वान असला तरी कामाच्या जागी त्याच्या सन्मानाला नियमाचे संरक्षण नसेल तर त्याची काय अवस्था होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले.

बाबासाहेबांनी मजुरीच्या प्रश्नाला पहिला हात घातला तो गावापासून. मुंबई इलाख्यातील महार वतनदाराला रात्रंदिवस सरकारी कामासाठी आणि गावासाठी राबावे लागे. तो घरी नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाला जावे लागे. मोबदला म्हणून वतनाचा लहानसा तुकडा आणि बलुते. काम किती, वेळ किती, मोबदला किती, यांपैकी काहीच निश्चित नव्हते. सारा गाव मालक, आणि मालकाचे कर्तव्य मात्र कोणाचेच नाही! १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात ही वतन पद्धती सुधारणारे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले, आणि ही वतने कायद्याने संपुष्टात येण्यास १९५८ साल उजाडले. अलिखित कामाला सीमा नसते आणि सीमा नसलेले काम माणसाला गुलाम करते, हा निष्कर्ष त्यांच्या पुढील सर्व मजूर धोरणाचा पाया ठरला, असे आम्हास वाटते.

त्याच १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. गिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने विटाळाच्या सबबीवर अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. हा प्रश्न बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. जुलै १९२८ मध्ये स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी कायदेमंडळात पाठिंबा दिला. १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी मुंबई सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे विधेयक आणले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात त्यांचा पक्ष साम्यवादी कामगार संघटनांच्या खांद्याला खांदा लावून उतरला.

असा कामगारांचा लढाऊ पुढारी १९४२ मध्ये मजूर खात्याचा प्रमुख झाला, तेव्हा मालकवर्गाला काय वाटले असेल याची कल्पना करता येते. बाबासाहेबांनी मात्र मालकांना अंधारात ठेवून कायदे करण्याचा मार्ग पत्करला नाही. कार्यभार स्वीकारल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ७ ऑगस्ट १९४२ रोजी, दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. मालक आणि कामगार यांना समान प्रतिनिधित्व देणारी कायम परिषद आणि तिची स्थायी समिती यांची उभारणी येथून झाली. तेव्हा प्रांतोप्रांती निरनिराळे मजूर कायदे होऊ लागले होते. दोन प्रांतांत कारखाने असणाऱ्याला दोन तऱ्हेचे नियम पाळावे लागत, आणि एकाच कामाच्या कामगाराला दोन ठिकाणी दोन न्याय मिळत. कायद्यांत एकवाक्यता आणणे आणि तंटे सोडविण्याची पद्धत ठरविणे ही या परिषदेची प्रमुख उद्दिष्टे होती. कायदा करण्यापूर्वीच तो ज्याला पाळावयाचा आहे त्याच्याशी चर्चा झाली, तर कायदा बदलला ही सबब मालकाला उरत नाही, हे या रचनेचे मर्म होय.

परिस्थिती समजून घेतल्यावाचून कायदा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. १९४४ मध्ये द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली देशभरातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमण्यात आली. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली. तिच्यातूनच १९४८ चा राज्य विमा कायदा आला. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब स्वतः धनबाद परिसरातील कोळसा खाणीत उतरले. येथे इतिहासाशी प्रामाणिक राहून एक गोष्ट नोंदविली पाहिजे. युद्धकाळात कोळशाची टंचाई पडल्यामुळे सरकारने स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी १९४३ मध्ये उठविली. तिच्यावर कडक टीका झाली आणि मजूर सदस्य म्हणून बाबासाहेबांना त्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ही बंदी पुन्हा लागू झाली.

कामाच्या तासांविषयीही अचूक बोलणे आवश्यक आहे. बाबासाहेबांनी चौदा तासांचा दिवस एका फटक्यात आठ तासांचा केला, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. १९३४ च्या कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यांत दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. बाबासाहेबांच्या खात्याने आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ती दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांवर आली. सहा दिवसांच्या आठवड्यात ४८ तास म्हणजे सरासरी आठ तासच. १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा दिली. हे खरे आकडे इतके भक्कम आहेत की त्यांना अतिशयोक्तीची गरज नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कायदा एप्रिल १९४६ चा, औद्योगिक नोकरीच्या स्थायी आदेशांचा. शंभर वा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक मालकाने नोकरीच्या अटी लिहून काढाव्यात, असे या कायद्याने सांगितले. कायम कामगार कोण, बदली कामगार कोण, पाळ्या कोणत्या, रजा कशी, गैरवर्तन कशाला म्हणावे, काढून टाकण्याची रीत कोणती, हे सारे त्यात आले. मसुदा मालकाने करावयाचा, कामगारांचे म्हणणे ऐकून अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावयाचा, आणि नंतर तो इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावावयाचा. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अलिखित राबणूक भोगली, त्या समाजातील मंत्र्याच्या कारकिर्दीत कामाच्या अटी कामगाराच्या भाषेत दारावर लागल्या! आपले सेनगाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील हे कायदे येथे थेट लागू नव्हते. १९४८ नंतर आपणही त्या छायेखाली आलो.

किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले. ते १९४८ मध्ये कायदा झाले. पुढे संविधानात मजुरीविषयक बाबी समवर्ती सूचीत आल्या. म्हणून आजही केंद्र आणि राज्य, दोघांचेही नियम मालकाला पाहावे लागतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले; त्यांनी उभी केलेली ही चौकट मात्र सात दशके टिकली.

आता ती बदलत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार नियुक्तिपत्र देणे आवश्यक झाले आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावयाचे आहे, आणि नोकरी सुटल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करावयाचा आहे. दुसरीकडे, स्थायी आदेशांसाठीची कामगारसंख्या शंभरावरून तीनशेवर गेली असून कामगार संघटनांचा त्याला आक्षेप आहे. म्हणजे तीनशेहून कमी कामगारांच्या उद्योगाच्या दारावर स्थायी आदेशांचा फलक लावण्याची सक्ती राहिलेली नाही.

येथेच आमच्या माजी विद्यार्थ्यांची कसोटी आहे. ज्याच्याकडे पाच-दहा माणसे कामाला आहेत त्याने वर्षातून निदान दोनदा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन किमान वेतनाचे नवे दर आणि राज्याचे नियम विचारावेत. हजेरी व वेतनाची नोंद ठेवावी. प्रत्येक कामगाराला मराठीत नियुक्तिपत्र द्यावे. एका कागदावर वेळ, मजुरी, सुटी आणि तक्रार कोणाकडे करावी हे लिहून तो कागद दारावर लावावा. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, चांगले पदार्थ वाटून घ्यावेत आणि वेळोवेळी सुटी द्यावी. पंचशील घेणाऱ्या मालकाला यांची आठवण कायद्याने करून द्यावी लागू नये.

बाबासाहेबांची प्रतिमा आमच्या अनेक बांधवांच्या दुकानांत आणि कार्यालयांत लावलेली आहे. तिच्याखाली कामाच्या अटींचा तो साधा कागदही असावा, आणि नियम बदलला की तो कागदही बदलावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. जयभीम, नमो बुद्धाय.