डॉ. सारा जोसेफाइन बेकर : बालकांच्या कैवारी

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण डॉक्टरांस बोलावितों. ते नाडी पाहतात, औषध देतात, आणि रोगी उठून हिंडूं-फिरूं लागला म्हणजे आपण त्यांचे उपकार मानतों. परंतु जो आजार मुळीं आलाच नाहीं, त्याबद्दल उपकार कोणाचे मानावयाचे? ज्या विहिरींत कोणी घाण पडूं दिली नाहीं, तिचें पाणी प्यालेलीं मुलें अंगणांत खेळत राहतात. आपण कशांतून वांचलों हें त्यांस ठाऊकही नसतें. अशा, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या कामांत ज्यांनीं आपलें आयुष्य घातलें, आणि त्या कामासाठीं एकदां डॉक्टर झाल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होऊन बांकावर बसण्यांत ज्यांनीं कमीपणा मानला नाहीं, अशा एका अमेरिकन बाईंचें चरित्र आज आपणांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

सारा जोसेफाइन बेकर यांचा जन्म १८७३ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत, हडसन नदीच्या कांठीं वसलेल्या पकीप्सी या गांवीं झाला. वडील नांवाजलेले वकील असून घराणें क्वेकर पंथाचें होतें. आई त्याच गांवच्या व्हासार या स्त्रियांच्या कॉलेजांतील पहिल्या कांहीं विद्यार्थिनींपैकीं एक. घरीं कशाचीही उणीव नव्हती. जोसेफाइन लहान असतां एके दिवशीं नवा झालरीचा पोषाख घालून बाहेर बसली होती. इतक्यांत फाटक्या कपड्यांतील एक नीग्रो मुलगी समोर येऊन तिच्याकडे टक लावून पाहूं लागली. त्या दृष्टींतील आशाळभूतपणा जोसेफाइनला सहन झाला नाहीं. तिनें आपल्या अंगावरचा एकूण एक कपडा काढून त्या मुलीस दिला व आपण तशीच घरांत गेली. आईबाप रागावले नाहींत. ही हकीकत बाईंनीं आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे.

ती सोळा वर्षांची असतां घरावर घाला पडला. प्रथम धाकटा भाऊ गेला, आणि त्यापाठोपाठ थोड्याच महिन्यांत वडील विषमज्वरानें वारले. गांवचें पिण्याचें पाणी हडसन नदीचें होतें, आणि त्याच नदींत वरच्या अंगास घाण पाणी सोडलें जात होतें. रोग कोठून आला हें कळण्यास फार दूर जावयास नको होतें. मागें आई, बहीण आणि जोसेफाइन अशा तिघी राहिल्या. व्हासार कॉलेजांत जाण्याचा बेत रहित झाला. आतां आपणच मिळवून आईस व बहिणीस पोसलें पाहिजे, आणि तें डॉक्टर होऊन पोसावयाचें, असा तिनें निश्चय केला. आप्तेष्टांस हें वेड वाटलें. घराण्याच्या डॉक्टरांनींही विरोध केला. परंतु आई अखेरीस कबूल झाली. घरीं बसून रसायन व जीवशास्त्र यांचा अभ्यास करून १८९४ सालीं ती न्यूयॉर्क शहरांतील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाली. अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल आणि त्यांच्या भगिनी डॉ. एमिली ब्लॅकवेल यांनीं तें स्थापिलें होतें. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फियास ज्या कॉलेजांतून डॉक्टर झाल्या, त्याच जातीची ही संस्था.

येथें एक मौजेची गोष्ट घडली. हुशार जोसेफाइन एका विषयांत नापास झाली. तो विषय कोणता, तर निरोगी मूल! रोगांवरील पुस्तकें तिनें मनापासून वाचलीं होतीं. परंतु जें मूल आजारीच नाहीं त्याविषयीं डॉक्टरनें काय शिकावयाचें, असें वाटून तिनें त्या व्याख्यानांकडे दुर्लक्ष केलें होतें. मुकाट्यानें तोच विषय पुन्हा घ्यावा लागला. मात्र या खेपेस ती त्यांत इतकी रमली कीं, निरोगी मूल निरोगी कसें ठेवावें हाच तिच्या जन्माचा विषय होऊन बसला. परीक्षेंत नापास झालेल्या मुलामुलींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १८९८ सालीं अठरा विद्यार्थिनींत दुसरा क्रमांक मिळवून ती उत्तीर्ण झाली.

कांहीं काळ बॉस्टन येथील इस्पितळांत अनुभव घेऊन डॉ. बेकर न्यूयॉर्कला परत आल्या व त्यांनीं एका मैत्रिणीसह दवाखाना घातला. पहिल्या वर्षाची मिळकत अवघी १८५ डॉलर! पोट भरेना म्हणून त्यांनीं सरकारी परीक्षा दिली आणि १९०१ सालीं शहराच्या आरोग्यखात्यांत वैद्यकीय निरीक्षक म्हणून नोकरी धरली. शाळांतून जाऊन मुलें तपासावयाचीं, आणि पगार दरमहा ३० डॉलर. पुढील उन्हाळ्यांत त्यांची नेमणूक झाली ती हेल्स किचन या वस्तींत. त्या नांवाचा अर्थच मुळीं नरकाचें स्वयंपाकघर. चाळीसारख्या कोंदट इमारतींचे मजल्यावर मजले चढून आजारी तान्हीं मुलें शोधून काढावयाचीं, हें त्यांचें काम. उन्हाळा लागला कीं दूध नासे, हगवणीची सांथ येई, आणि तान्हीं मुलें पटापट मरत. बाई दार ठोठावीत, आंत जात, आणि बहुधा फार उशीर झालेला असे. त्याहून वाईट असें कीं, आया रडत खऱ्या, परंतु चकित होत नसत. उन्हाळ्यांत मुलें मरावयाचींच, असें त्यांनीं दैवापुढें मान तुकवून कबूल केलें होतें. हें कबूल करावयास डॉ. बेकर तयार नव्हत्या.

१९०७ सालीं त्यांना आरोग्याधिकाऱ्यांच्या साहाय्यकाची जागा मिळाली. खात्याच्या कागदांवर त्यांचें नांव डॉ. एस. जे. बेकर असें छापीत, म्हणजे हा अधिकारी स्त्री आहे हें वाचणारास कळूं नये. बाईही पुरुषी कांटाचा कोट व गळपट्टा घालीत. आपल्या पोषाखापेक्षां आपल्या कामाकडे लोकांचें लक्ष जावें, हा हेतु. त्याच वर्षीं मेरी मॅलन नांवाच्या आयरिश स्वयंपाकिणीचें प्रसिद्ध प्रकरण घडलें. ही स्त्री स्वतः धडधाकट होती, परंतु विषमज्वराचे जंतु तिच्या पोटांत असून तिच्या हातचें अन्न खाणारांस तो रोग होई. तिला तपासणीस आणण्याचें काम डॉ. बेकर यांजवर आलें. ती लपून बसली. पोलिसांनीं शोधून काढली तेव्हां तिनें अशी कांहीं झटापट केली कीं, इस्पितळाच्या गाडींत सबंध वाट बाईंना तिच्या अंगावर बसून राहावें लागलें. मेरीस एका बेटावर ठेवण्यांत आलें. १९१० सालीं सुटका झाली, परंतु तिनें पुन्हा स्वयंपाकाचें काम धरल्यामुळें १९१५ पासून १९३८ सालीं मृत्यु येईपर्यंत ती तेथेंच राहिली. ज्यांचे स्वतःचे वडील विषमज्वरानें गेले, त्या डॉ. बेकर यांना या दुर्दैवी बाईविषयीं द्वेष वाटला नाहीं, उलट पुढें आपुलकीच वाटली. एका स्त्रीस पोलिसांच्या बळावर धरून आणतां येतें. पण लाखों मातांस शहाणपण बळानें शिकवितां येत नाहीं. त्यास दुसराच मार्ग पाहिजे.

तो मार्ग १९०८ च्या उन्हाळ्यांत सांपडला. शाळांना सुटी असल्यामुळें शाळांकडील तीस परिचारिका मोकळ्या होत्या. शहराच्या पूर्व भागांत इटालियन लोकांची एक दाट वस्ती बाईंनीं निवडली. मूल जन्मल्याची नोंद झाली कीं दुसऱ्या दिवशीं त्याचें नांव व पत्ता त्यांच्याकडे येई, आणि परिचारिका त्या घरीं जाई. औषध देण्यासाठीं नव्हे. मूल तर निरोगीच असे. आईनें अंगावरच पाजावें, खिडक्या उघड्या ठेवाव्या, मुलास रोज न्हाऊं घालावें, उकाड्यांत जाड कपड्यांत गुंडाळूं नये, एवढ्याच साध्या गोष्टी ती सांगे व करून दाखवी. उन्हाळा संपल्यावर हिशोब मांडला, तेव्हां त्या एका भागांत मागील उन्हाळ्यापेक्षां १,२०० मुलें कमी दगावलीं होतीं. शहराच्या इतर भागांत असा फरक पडला नव्हता.

या आंकड्यानें सर्वांचे डोळे उघडले. त्याच वर्षीं शहरानें बालआरोग्याचें निराळें खातें काढलें व डॉ. बेकर यांस त्याचें प्रमुख नेमिलें. या प्रकारचें तें अमेरिकेंतील पहिलेंच खातें. स्त्रीच्या हाताखालीं काम करावयाचें या कल्पनेनें तेथील पुरुष डॉक्टर राजीनामे देण्यास निघाले. बाईंनीं एक महिना थांबून पाहण्याची विनंति केली. महिना संपला, पण जाण्याचें नांव कोणी काढलें नाहीं. मग कामास वेग आला. गरिबांस शुद्ध दूध मिळावें म्हणून दूध-केंद्रें निघालीं. सुइणींस शिक्षण व परवाने मिळूं लागले. शाळांतून खुपऱ्या, उवा, खरूज यांची तपासणी सुरू झाली. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचे डोळे जाऊं नयेत म्हणून त्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालीत. पण तें औषध बाटलींत राहून दूषित होई किंवा आटून इतकें जहाल होई कीं, त्यानेंच डोळ्यास अपाय व्हावा. बाईंनीं मधमाशांच्या मेणाच्या लहान कुप्या करविल्या; एका कुपींत एकाच वेळेपुरतें औषध. उपाय साधा, पण त्यानें कितीतरी मुलांची दृष्टि वांचली.

आमच्या शाळेंतील मुलींस विशेष सांगावयाची गोष्ट पुढेंच आहे. आया कारखान्यांत गेल्यावर धाकट्या भावंडांस सांभाळण्याचें काम दहा-बारा वर्षांच्या मुलींवर पडे. अशा मुलींचे बाईंनीं छोट्या मातांचे संघ स्थापिले व त्यांस मुलास न्हाऊं-माखूं घालणें, दूध पाजणें, स्वच्छ ठेवणें हें रीतसर शिकविलें. ज्या घरांत सरकारी माणसास कोणी दारांत उभें करीत नसे, तेथें शेजारची ही चिमुरडी सहज जाई आणि सगळें समजावून सांगे.

सर्वांनाच हें आवडलें असें नाहीं. ब्रुकलिन भागांतील तीसांहून अधिक डॉक्टरांनीं सह्या करून नगराध्यक्षांकडे अर्ज केला कीं, हें खातें मुलांस निरोगी ठेवून आमचा धंदा बुडवीत आहे, सबब तें बंद करावें. या तक्रारीहून मोठें प्रशस्तिपत्र मिळणें शक्य नव्हतें, आणि बाईंनीं तें तसेंच मानिलें.

आतां त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थिदशेची हकीकत सांगितली पाहिजे. रोगी बरा करण्याची विद्या वैद्यकीय कॉलेजांत मिळे. परंतु सबंध शहर निरोगी कसें ठेवावें, जन्ममृत्यूच्या आंकड्यांवरून अर्थ कसा काढावा, सांथीचा माग कसा घ्यावा, पाणी, दूध व सांडपाणी यांची व्यवस्था कशी लावावी, ही विद्या तेथें मिळत नसे. ती शिकविण्याचे वर्ग त्या सुमारास नुकतेच निघत होते. न्यूयॉर्क विद्यापीठानें डॉ. बेकर यांना आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत बालआरोग्यावर व्याख्यानें देण्यास पाचारण केलें. बाईंनीं अट घातली : आपण शिकवूं, पण आपणांसही त्या वर्गांत विद्यार्थी म्हणून घेतलें पाहिजे. विद्यापीठानें नकार दिला, कारण तेथें स्त्रियांस प्रवेश नव्हता. मग ती व्याख्यानें देणारा दुसरा जाणता माणूस शोधण्यांत आला. तो मिळेना. अखेरीस अट मान्य झाली, आणि डॉ. बेकर यांच्याबरोबर इतर स्त्रियांसही तें दार उघडलें. पहिल्या व्याख्यानास विद्यार्थ्यांनीं हेटाळणीनें टाळ्या पिटल्या. बाई रागावल्या नाहींत, मोकळेपणानें खदखदून हंसल्या, आणि वर्ग शांत झाला.

अशा रीतीनें, देशांतील एका मोठ्या शहराच्या खात्याची ही प्रमुख एका बाजूस गुरु व दुसऱ्या बाजूस शिष्य झाली. वर्गांतील हवा खेळती असण्याचा आणि शाळेंतील मुलांच्या श्वसनविकारांचा काय संबंध आहे, या विषयावर प्रबंध लिहून १९१७ सालीं त्यांनीं सार्वजनिक आरोग्याची डॉक्टर ही पदवी मिळविली. त्या विद्यापीठाची ती पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. वैद्यकाच्या पदवीस तेव्हां १९ वर्षें लोटलीं होतीं.

पहिलें महायुद्ध चालू असतां त्यांनीं एक बोचरी तुलना केली : फ्रान्समधील खंदकांत लढणाऱ्या शिपायाच्या मृत्यूचें प्रमाण अमेरिकेंत नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या मृत्यूपेक्षां कमी आहे. लोक चपापले, आणि बालकांच्या कामास पैसा व साहाय्य मिळूं लागलें. १९०८ च्या सुमारास न्यूयॉर्कांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें १४४ मुलें वर्षाच्या आंत मरत. १९१८ पर्यंत हा आंकडा सुमारें ८८ वर आला. १९२३ सालीं त्या निवृत्त झाल्या. पुढें १९३९ सालीं त्यांनीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, आणि २२ फेब्रुवारी १९४५ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांस ज्या दोन विद्या १९ वर्षांच्या अंतरानें मिळवाव्या लागल्या, त्या आज अमेरिकेंतील अनेक वैद्यकीय कॉलेजांत एकाच वेळीं, बहुधा पांच वर्षांत, घेतां येतात. आपल्या देशांतही वैद्यकीय पदवीनंतर सार्वजनिक आरोग्याचें उच्च शिक्षण मिळतें. तरीही पालक मुलास डॉक्टर करावयाचें म्हणतात तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें दवाखान्याच्या दारावरची पाटीच असते. तें चुकीचें नाहीं. रोग्यास डॉक्टर हवाच. परंतु पकीप्सीच्या त्या घरीं डॉक्टर आला नव्हता असें नाहीं. तेथें नव्हतें तें शुद्ध पाणी. तें घराघरांत पोंचविणारा मनुष्यही डॉक्टरच होय, हें आपण मुलांस सांगितलें पाहिजे.

आणि मुलांनो, न्यूयॉर्कच्या त्या उन्हाळ्यांत वांचलेल्या बाराशें बालकांपैकीं एकालाही आपण कोणामुळें वांचलों हें कधीं कळलें नसेल. तीं मोठीं झालीं, शाळेंत गेलीं, खेळलीं. डॉ. बेकर यांस तेवढें पुरेसें होतें.