उकळलेलं पाणी लवकर गोठतं का? जोसेफ ब्लॅक यांनी २५० वर्षांपूर्वीच तपासलं होतं

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि फ्रीजमधला बर्फ पुरत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ट्रेमध्ये गरम पाणी भरा, लवकर गोठेल. ऐकायला उलटं वाटतं ना? पण याच्या अगदी जवळचा प्रश्न एका मोठ्या शास्त्रज्ञाला पडला होता आणि तोही भारतातल्या बर्फामुळे.

त्यांचं नाव जोसेफ ब्लॅक. जन्म १७२८ चा, फ्रान्समधल्या बोर्दोचा. वडील वाइनचे व्यापारी. ब्लॅक डॉक्टरकी शिकायला स्कॉटलंडला गेले आणि तिथलेच झाले. १७५४ च्या प्रबंधात त्यांनी हवेपेक्षा वेगळा असा एक वायू ओळखला. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

पुढे ग्लासगो विद्यापीठात शिकवताना त्यांना दिसलं की, बर्फ वितळताना उष्णता घेत राहतो, पण पूर्ण वितळेपर्यंत त्याचं तापमान वाढत नाही. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारे जेम्स वॅट त्यांचे मित्र झाले. वॅट यांच्या वाफेच्या इंजिनाच्या कामाला ब्लॅक यांनी पैशांचीही मदत केली.

१७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने अलाहाबादच्या बर्फाची हकिगत छापली. तिथले कारागीर हिवाळ्यात पाणी उकळून गार करायचे आणि संध्याकाळी मातीच्या उथळ भांड्यांत ओतायचे. सकाळी बर्फ तयार!

पण मुळात पाणी उकळायचं कशाला?

ब्लॅक यांनी दोन कप घेतले. एकात उकळून गार केलेलं पाणी, दुसऱ्यात न उकळलेलं. तापमान सारखंच. दोन्ही कडाक्याच्या थंडीत ठेवले. उकळलेलं आधी गोठलं. दुसरं गोठणबिंदूच्या खाली जाऊनही पातळच राहिलं, पण ढवळताच त्याचाही बर्फ झाला. यालाच अतिशीतन म्हणतात. उकळलेलं पाणी असं सहजी अतिशीत होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

ब्लॅक १७९९ मध्ये गेले. १९६३ मध्ये टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाने थेट गरम मिश्रणाचं आइस्क्रीम लावलं आणि प्रश्न पुन्हा चर्चेत आला. बाष्पीभवन, अतिशीतन अशी कारणं सांगितली जातात, पण निकाल दर वेळी सारखा येत नाही. म्हणून उत्तर एवढंच: कधी कधी!