हळदोण्याचा ट्रंपेट

चिक चॉकलेट हे नाव पहिल्यांदा ऐकलं की गोळ्या-बिस्किटांचं दुकान डोळ्यांसमोर येतं. या माणसाचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६चा, गोव्यात बार्देशमधल्या हळदोणे गावचा. इंग्रजी कागदपत्रांत त्याला आल्दोना म्हणतात. ट्रंपेट वाजवत वाजवत तो मुंबईला आला आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. आज आपल्या वर्गात विचारलं तर नाव कुणी सांगणार नाही. पण त्याची वाजवणी प्रत्येकाच्या कानात आहे, गणपतीत, वराातीत, अगदी अफझलगंजच्या चहाच्या टपरीवर लागणाऱ्या जुन्या गाण्यांतसुद्धा.

हळदोण्याला म्हापसा नदीच्या काठावर सेंट थॉमस चर्च आहे, १५९६ सालचं. गोव्यात त्या काळी प्रत्येक चर्चला लागून शाळा असायची. तिथे धर्मशिक्षणाच्या जोडीला संगीत असे, आणि ते हौस म्हणून नव्हे, रीतसर. आधी सोल्फा, म्हणजे डो-रे-मी तोंडपाठ. मग कागदावरच्या पाच रेघा बघून गायचं. त्यानंतर हातात व्हायोलिन किंवा दुसरं वाद्य. गावच्या फेस्ताला मास उभा राहायचा तर गायनवृंद आणि वाद्यं दोन्ही लागत, म्हणून चर्चचे संगीतमास्तर पोरांना घासून तयार करत. शेतकऱ्याचा मुलगा असो की भाटकाराचा, नोटेशन वाचता येणं ही तिथे अक्षरओळखीइतकी साधी गोष्ट होती. आंतोनियोही याच शाळेत शिकला.

आईचं म्हणणं मात्र वेगळं होतं. पोरानं मेकॅनिक व्हावं, पोटापाण्याची खात्रीची सोय लावावी अशी तिची इच्छा. मला या आईचा राग येत नाही. मी रविवारी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो आणि लग्नसराईत दोन पैसे मिळतात म्हणून एका पार्टीबरोबरही जातो. घरी यावर रोज चर्चा असते. एका आत्याला लग्नातलं वाजवणं चर्चच्या पोराला शोभत नाही असं वाटतं, तर बाबांना दोन्हींतून पोट भरत नाही याची काळजी. त्यामुळे सेंट्रल लायब्ररीत बसून जुन्या सिनेसंगीताबद्दल जे मिळेल ते वाचताना मी या वाझसाहेबांपाशी जरा जास्तच रेंगाळलो.

तर तो मेकॅनिक झाला नाही. मुंबईत तेव्हा गोव्याची माणसं धोबीतलावच्या आसपास राहत. गावोगावचे क्लब होते, त्यांना कूड म्हणत. स्वस्तात झोपायला जागा आणि गावची माणसं शेजारी. त्याच सुमारास, १९३५ला, लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागून टेडी वेदरफर्डसारखे आणखी आले. गोव्याच्या पोरांनी जॅझ प्रत्यक्ष ऐकलं ते यांच्याकडून. कागदावर लिहिलेलं वाजवणं त्यांना चर्चनं शिकवलं होतं. कागद बाजूला ठेवून वाजवणं आता शिकायचं होतं. माझ्या मते दुसरं जास्त अवघड. मी अजून तिथेच अडकलोय.

चिकला ते साधलं. आर्मस्ट्राँगची धाटणी त्यानं वादनात आणि खरखरीत आवाजातल्या गाण्यात अशी उचलली की चाळीसच्या दशकात त्याचा स्वतःचा बँड उभा राहिला, ताजमध्ये वाजू लागला, तबकड्याही निघाल्या. पुढे मुंबईत दारूबंदी आली आणि रात्रीच्या क्लबांची रया गेली. पण तोवर सिनेमाच्या स्टुडिओंना ऑर्केस्ट्रा हवा झाला होता.

इथे आपला मराठी माणूस भेटतो. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. शिक्षण शास्त्रोक्त गायनाचं, कान मात्र जगभरचा. संगीतकार पेटीवर चाल सांगणार, सरगममध्ये. समोर बसलेल्या वीस-तीस वादकांना तर प्रत्येकाचा वेगळा कागद लागतो: व्हायोलिननं काय धरायचं, ट्रंपेट कुठे शिरणार, सॅक्सोफोन कधी गप्प बसणार. हे कागद लिहिणारी माणसं बहुतेक गोव्याची होती. शंकर-जयकिशनकडे सेबास्टियन डिसोझा, आणि चितळकरांकडे चिक. पुढे मदन मोहन यांच्याकडेही त्यानं काम केलं. १९५०चा ‘समाधी’ आणि १९५१चा भगवानदादांचा ‘अलबेला’ यांतली गाणी देशभर गाजली ती चितळकरांच्या चालींमुळे, हे खरंच. पण त्या चालींच्या अंगावर जो झगझगीत पितळी पोशाख आहे तो चिकसारख्यांनी शिवलेला. श्रेयनामावलीत अशा माणसांसाठी शब्द एकच, सहाय्यक. मला हा शब्द खटकतो. शिंप्याला कुणी कापडाचा सहाय्यक म्हणत नाही.

संगीतकार म्हणून त्याच्या नावावर थोडेच सिनेमे आहेत. १९५१चा ‘नादान’, त्यात देव आनंद आणि मधुबाला. १९५६चा ‘कर भला’. नाव झालं ते ट्रंपेटचंच, आणि वाजवणं त्यानं सोडलं नाही. हॉटेलात नाचणाऱ्यांसाठी, स्टुडिओत मायक्रोफोनसमोर, जिथे मिळेल तिथे. मे १९६७मध्ये तो गेला. पन्नाशी जेमतेम गाठलेली.

स्टुडिओतले ते लिहिलेले कागद बहुतेक गेले. रेकॉर्डिंग झालं की त्यांचं काम संपायचं, कोण सांभाळणार! वाजवलेलं तेवढं राहिलं. आणि एक गोष्ट डोळ्यांनीही बघता येते. ‘अलबेला’ मोबाइलवर सहज सापडतो. त्यातल्या एका गाण्यात भगवानदादा आणि गीता बालीकडून जरा नजर काढा आणि मागे झालरीचे शर्ट घालून बसलेल्या बँडकडे बघा. तो बँड चिकचा आहे, आणि ट्रंपेट हातात घेतलेला माणूस तोच.