फास्ट गोळी झाडण्यासाठी फेमस असलेल्या मार्शलनं चुकून आपल्याच दोस्ताला मारलं होतं

पिक्चरमधला सीन सगळ्यांना पाठ आहे. मोकळा रस्ता, समोरासमोर दोन गडी, क्षणात बंदुका बाहेर येतात. एकजण पडतो, दुसरा धूर फुंकतो आणि घोड्यावर बसून निघून जातो.

अमेरिकेच्या वाईल्ड वेस्टची ही इमेज ज्या माणसांमुळे तयार झाली, त्यातलं मोठं नाव म्हणजे वाईल्ड बिल हिकॉक. पण त्याच्या आयुष्यात एक गोळी अशी सुटली की, त्यानंतर सगळंच बदललं.

जेम्स बटलर हिकॉकचा जन्म १८३७ चा, इलिनॉयमधला. अमेरिकन यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूनं स्काऊट होता. युद्ध संपलं आणि जुलै १८६५ मध्ये मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये राडा झाला.

कारण काय, तर जुगाराची उधारी आणि एक घड्याळ.

डेव्हिस टट नावाच्या जुगाऱ्यानं उधारीपोटी हिकॉकचं घड्याळ ठेवून घेतलं. ते घालून चौकात फिरू नकोस, असं हिकॉकनं बजावलं होतं. टट मुद्दाम घालून आला. साधारण ७५ यार्डांवरून, म्हणजे जवळपास ७० मीटरवरून दोघांनी गोळ्या झाडल्या. टटचा नेम चुकला, हिकॉकचा लागला. हिकॉकवर खटला चालला आणि स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर ज्युरीनं त्याला सोडून दिलं.

१८६७ मध्ये हार्पर्स मासिकात त्याच्यावर लेख आला. त्यात त्याच्या नावावर शेकडो खून चढवले गेले. पक्क्या नोंदी बघितल्या तर हा आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भरतो. पण नाव झालं ते झालंच. या नावाचा तोटा असा होता की, गावोगावी त्याला भिडायला कुणीतरी टपलेलं असायचं. भिंतीला पाठ लावून बसायची सवय त्याला यातूनच लागली, असं सांगतात.

एप्रिल १८७१ मध्ये तो कॅन्सासमधल्या अॅबिलीनचा मार्शल झाला. पगार महिन्याला १५० डॉलर. मार्शल म्हणजे तिथला पोलीसप्रमुख.

टेक्सासहून हजारो गुरं हाकत काऊबॉय इथल्या रेल्वेपर्यंत यायचे. हातात पैसे, सोबत दारू आणि जुगार. आधीच्या मार्शलचा खून झाला होता. गावात बंदूक घेऊन फिरायला बंदी होती आणि ती पाळायला लावणं हे हिकॉकचं काम होतं.

५ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री गोळीचा आवाज आला. हिकॉक पोहोचला तेव्हा समोर टेक्सासच्या लोकांचा घोळका आणि त्यात हातात पिस्तूल घेतलेला फिल को. कोचं आणि हिकॉकचं आधीपासूनच वाकडं होतं. कुत्र्यावर गोळी झाडली, असं त्यानं सांगितलं आणि पिस्तूल हिकॉकवर रोखलं.

अंतर जेमतेम काही फुटांचं. हिकॉकनं दोन्ही रिव्हॉल्व्हर काढले. कोचा नेम चुकला, हिकॉकच्या गोळ्या पोटात लागल्या. को पुढं काही दिवसांनी मेला.

इथंपर्यंत हे स्वसंरक्षणच होतं.

पण त्याच वेळी बाजूच्या अंधारातून एक माणूस हातात बंदूक घेऊन पळत आला. घोळक्यातलाच कुणीतरी असणार, असं समजून हिकॉकनं वळून गोळी झाडली.

तो माइक विल्यम्स होता. हिकॉकचा दोस्त आणि मदतनीस. तो मार्शलला वाचवायला धावत आला होता. तो जागीच गेला.

हिकॉकनं त्याला उचलून आत नेलं, टेबलावर ठेवलं आणि तो ढसाढसा रडला, असं सांगतात. अंत्यसंस्काराचा खर्चही त्यानंच केल्याचं म्हटलं जातं.

जीव धोक्यात असताना माणसाची नजर समोरच्या धोक्यावर खिळते. बाजूचं दिसत नाही, कित्येकदा आवाजही ऐकू येत नाहीत. हात सरावानं चालतो, ओळख पटवायला मात्र वेळ लागतो. हिकॉकचा हात इतका फास्ट होता की, ओळख पटेपर्यंत गोळी गेली होती. म्हणूनच आज बंदूक चालवायला शिकवताना सांगतात की, समोर कोण आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री झाल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही.

डिसेंबरमध्ये गावानं हिकॉकला कामावरून काढलं. गुरांचा धंदाच गावातून हलवायचा ठरला होता, त्यामुळं एवढ्या पगाराच्या मार्शलची गरजही उरली नव्हती. त्यानंतर हिकॉकनं कुणाला मारल्याची नोंद नाही. बफेलो बिलच्या नाटकात त्यानं काम केलं, पण तिथं त्याचं मन रमलं नाही. त्याची नजरही अधू होत गेली. मार्च १८७६ मध्ये त्यानं सर्कसवाल्या अॅग्नेस लेकशी लग्न केलं.

२ ऑगस्ट १८७६ ला डेडवूडमधल्या सलूनमध्ये तो पत्ते खेळायला बसला. भिंतीकडची खुर्ची त्यानं मागितली, पण ती मिळाली नाही. जॅक मॅकॉलनं मागून येऊन त्याच्या डोक्यात गोळी घातली. हिकॉकला बंदूक काढायची संधीच मिळाली नाही.

त्या वेळी त्याच्या हातात एक्के आणि अठ्ठ्या होत्या, असं मानतात. पोकर खेळणारे या पत्त्यांना आजही मेलेल्या माणसाचा हात म्हणतात. हिकॉकचं नाव निघालं की लोकांना हे पत्ते आठवतात, माइक विल्यम्सचं नाव मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.