चार्लस् स्टाइनमेट्झ : विजेचा गणिती

प्रशियाच्या राज्यांतील ब्रेस्लाऊ शहरीं ९ एप्रिल १८६५ रोजीं स्टाइनमेट्झ यांचा जन्म झाला. तें शहर हल्लीं पोलंड देशांत आहे. पाठीस जन्मतःच कुबड, उंची जेमतेम चार फूट. परंतु गणितांत त्यांची बुद्धि विलक्षण चाले. विद्यापीठांतील अभ्यास संपत आला असतांच, समाजवादी पत्रांतील लेखनामुळें त्यांजवर सरकारचा रोष झाला व १८८८ सालीं त्यांस देशत्याग करावा लागला. पुढील वर्षीं ते न्यू यॉर्क बंदरीं उतरले. खिसा रिकामा, इंग्रजीचें ज्ञान तोकडें आणि देह असा. अधिकारी त्यांस परत पाठविण्याच्या बेतांत होते. सोबतच्या मित्रानें हमी घेतली, म्हणूनच प्रवेश मिळाला.

याँकर्स येथें रूडॉल्फ आयकमायर यांच्या कारखान्यांत त्यांस काम मिळालें. पुढें ते जनरल इलेक्ट्रिक कंपनींत गेले व स्केनेक्टडी नगरीं कायमचे राहिले.

दूरवर वीज नेण्यास उलटसुलट वाहणारा ए. सी. प्रवाह सोयीचा, पण त्याचें गणित त्या काळीं फार किचकट होतें. हे प्रवाह लाटांप्रमाणें चढतात व उतरतात. एकाची लाट चढत असतां दुसऱ्याची उतरत असूं शकते. म्हणून त्यांची साधी बेरीज चालत नाहीं. १८९३ सालीं शिकागो येथील विद्युत् परिषदेंत स्टाइनमेट्झ यांनीं दाखविलें कीं, अशा लाटेस बाणाचें रूप देतां येतें. बाणाची लांबी म्हणजे लाटेचा जोर, आणि बाणाचा कोन म्हणजे ती किती पुढें अगर मागें आहे तें. मग सारें काम बीजगणितानें भागतें.

१९२० सालीं त्यांच्या नदीकांठच्या झोपडीवर वीज कोसळली व आरसा फुटला. त्यांनीं तुकडे वेंचून जुळविले आणि विजेचा मार्ग अभ्यासिला. तारांचें रक्षण करणारीं साधनें पारखण्यासाठीं १९२२ सालीं त्यांनीं प्रयोगशाळेंत कृत्रिम वीज पाडून दाखविली. युनियन कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें व नगराच्या शिक्षणमंडळाचें अध्यक्षपदहि भूषविलें. २६ ऑक्टोबर १९२३ रोजीं ते निवर्तले.

त्यांचें गणित मात्र मागें राहिलें. १९८८ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठांत, भारतांत जन्मलेले अरुण फडके व त्यांचे सहकारी यांनीं हा बाण प्रत्यक्ष मोजणारें यंत्र तयार केलें. उपग्रहांच्या घड्याळांशीं मेळ घालून तें दूरदूरच्या ठाण्यांवरील बाण एकाच क्षणीं मोजतें. दोन ठाण्यांच्या कोनांतील अंतर वाढूं लागलें, कीं मधल्या तारांवरील भार वाढत आहे असें समजावें. अशा देखरेखीची गरज १४ ऑगस्ट २००३ रोजीं जगास कळली. ओहायो प्रांतांत तारा एकामागून एक निकामी होत होत्या. परंतु इशारा देणारी यंत्रणाच बंद पडल्यानें कर्मचाऱ्यांस त्याचा पत्ता नव्हता. अमेरिका व कॅनडा मिळून सुमारें पांच कोटि लोक अंधारांत सांपडले. त्यानंतर अशीं यंत्रें अनेक देशांत बसविण्यांत आलीं. भारतहि त्यांपैकीं एक आहे.

बंदरावरील अधिकाऱ्यांनीं त्या दिवशीं एका माणसाचा देह व खिसा पाहिला. बुद्धि व चिकाटी त्यांस दिसली नाहीं. आपल्या वर्गांतील एखाद्या सोबत्याची किंमत ठरविण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं, आणि आपल्या पाल्याविषयीं निराश होण्यापूर्वीं आईबापांनीं, हें चरित्र अवश्य आठवावें.