सणांचे सूर वेचणारा उपासक : अब्राहम इडेलसोन

पुष्कळ वर्षी घटस्थापनेच्या आगेमागेच यहुदी लोकांचे नववर्ष येते. आपल्याकडे शंख वाजतो, त्यांच्याकडे मेंढ्याच्या शिंगाचा नाद घुमतो. कोकणातले बेने इस्राएल बांधव त्यास नव्याचा सण म्हणत आले. त्यामागून कडक उपवासाचा दारफाळणीचा सण येतो आणि त्याच महिन्याच्या पौर्णिमेस मांडवांचा सण. या समाजाने सन १८८० च्या सुमारास आपल्या कीर्तनाचा साज घेऊन अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत उभी केली, ही गोष्ट कीर्तनकाराला विशेष जिव्हाळ्याची वाटते. देशोदेशी विखुरलेल्या या धर्माची सणगीते ज्याने आयुष्य वेचून गोळा केली, त्या अब्राहम झ्वी इडेलसोन यांचे चरित्र नवरात्राच्या पर्वकाळी नादोपासकांनी अवश्य श्रवण करावे असे आहे.

इडेलसोन यांचा जन्म १८८२ साली बाल्टिक समुद्राकाठच्या कूरलँड प्रांतात, म्हणजे आजच्या लॅटव्हियात, झाला. बालपणीच प्रार्थनागायनाचे संस्कार घडले. पुढे बर्लिन आणि लाइपझिग येथे त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे रीतसर अध्ययन केले आणि जर्मनीत रेगेन्सबर्गच्या प्रार्थनामंदिरात गायकाची सेवा पत्करली. परंतु तेथील गायनावर युरोपीय संगीताचे पुट चढलेले पाहून त्यांचे मन रमेना. मूळ झऱ्याची ओढ लागली. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे अल्पकाळ राहून १९०६ च्या सुमारास ते जेरुसलेमला पोहोचले.

पंढरीच्या वाळवंटात जशा गावोगावच्या दिंड्या आपापल्या चालींसह उतरतात, तसे त्या नगरीत येमेन, बगदाद, इराण, बुखारा, मोरोक्को येथून आलेले यहुदी वसले होते. पवित्र ग्रंथ एकच; पण तो गाण्याची रीत प्रत्येकाची निराळी. ती वडिलांकडून मुलाकडे मुखानेच येई. वृद्ध गायक निवर्तला की त्याच्याबरोबर चालही जाई. हे ओळखून इडेलसोन यांनी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे साहाय्य मिळविले आणि १९११ ते १९१३ या काळात मेणावर ध्वनी कोरणाऱ्या यंत्राने हे सूर टिपून घेतले.

येथे एक मोठीच अडचण होती. शब्बाथ आणि सणाच्या पवित्र दिवशी यंत्र चालविणे धर्मनिष्ठ यहुद्यास वर्ज्य. ज्या दिवशी ते गान खऱ्या भावाने गायिले जाते, त्याच दिवशी त्याचे मुद्रण होऊ शकत नाही! म्हणून उपवासाच्या दिवशीची करुण प्रार्थना आडवारी, यंत्राच्या कर्ण्यासमोर बसून गावी लागे. उत्सवमूर्ती देवळात आणि भक्त अंगणात, असा तो प्रकार. तरीही जे हाती लागले ते अमोल ठरले.

वेदपाठकांना उदात्त, अनुदात्त, स्वरिताच्या खुणा परिचित आहेत. हिब्रू धर्मग्रंथातही अक्षरांच्या वर-खाली स्वरचिन्हे असतात. चिन्हे सर्वत्र तीच, परंतु त्यांचा उच्चार गुरुपरंपरेने ठरतो. निरनिराळ्या समाजांच्या पठणाची तुलना करून इडेलसोन यांनी असे प्रतिपादिले की, शतकानुशतके दूर राहिलेल्या या परंपरांच्या मुळाशी समान स्वरावली आहेत. पुढच्या पंडितांनी त्यांच्या काही अनुमानांस हरकत घेतली. संग्रहाची थोरवी मात्र निर्विवाद राहिली.

येमेनी यहुद्यांच्या गायनाचा पहिला खंड १९१४ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. इडेलसोन यांना तुर्की सैन्यात वाद्यवृंदाचे काम करावे लागले. युद्धाच्या अखेरीस त्यांनी पूर्व युरोपातील सादिगुरा येथील भक्तमंडळींच्या एका शब्दहीन धुनेवर हिब्रू शब्द बसविले. तेच ‘हावा नागिला’ हे गीत आज जगभर आनंदप्रसंगी गायिले जाते. गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना इडेलसोन हे नाव ठाऊक असते.

१९२४ पासून ते अमेरिकेत सिनसिनाटी येथील हिब्रू विद्यालयात अध्यापन करू लागले. दहावा व शेवटचा खंड १९३२ मध्ये सिद्ध झाला. पण देह थकला होता. आजाराने अध्यापन सुटले आणि १९३८ च्या ऑगस्टमध्ये जोहान्सबर्ग येथे त्यांनी देह ठेवला. व्हिएन्नातील त्या ध्वनिमुद्रिका मात्र सुरक्षित राहिल्या.

या दहा खंडांत कोकणच्या बेने इस्राएलांसाठी स्वतंत्र खंड नाही. त्यांची मराठी पदे मुंबई-ठाण्याच्या आणि इस्राएलात गेलेल्या स्त्रियांच्या कंठांनी जतन केली. आपल्या घरचीही स्थिती निराळी नाही. सातारा-सांगलीकडील हादग्याची गाणी, आजीच्या भूपाळ्या, एकाच आरतीच्या गावपरत्वे बदलणाऱ्या चाली अद्याप कोणाच्या ना कोणाच्या कंठात आहेत. आपल्याला तर सणाच्या दिवशी मुद्रणास मज्जावही नाही. यंत्र आता प्रत्येकाच्या हाती आहे. या नवरात्रात वडीलधाऱ्यांना देवापुढे बसवून त्यांच्याकडून एखादे जुने पद म्हणवून घ्यावे आणि ते जपून ठेवावे. जगदंबेच्या चरणी ही सेवाही रुजू होईल.